नळी कोरडी, मास्क सैल : सीपॅप वापरणाऱ्यांचे प्रश्न

स्लीप ॲप्नियासाठी (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या विकारासाठी) सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देणारे मशीन घरी आले, घोरणे थांबले, दिवसाची पेंग गेली आणि मग महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्याच तक्रारी सुरू झाल्या, असे सांगणारी बरीच पत्रे आमच्याकडे जमली आहेत. कुणाचे नाक सुकते, कुणाच्या नळीला वास येतो, कुणाला हवा ओलसर करणाऱ्या टाकीत कोणते पाणी घालावे हे कळत नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. मशीन आणि मास्कचे नमुने अनेक आहेत. इथल्या सूचनेत आणि तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत फरक दिसला तर पुस्तिकेचे ऐका.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे सहा फुटी नळी कुठून वाळणार? नळीला कुबट वास येतो. परवा पाण्याच्या टाकीच्या कडेला गुलाबी, बुळबुळीत थर दिसला. हे सगळे फुफ्फुसात जाईल का, अशी धास्ती बसली आहे. — चिपळूण

उत्तर : आधी धास्तीबद्दल. सीपॅपची टाकी पाण्याचे तुषार उडवत नाही. खालची तबकडी पाणी कोमट करते आणि हवा फक्त पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहत जाते. वर येते ती वाफ आणि वाफेबरोबर जंतू सहसा उचलले जात नाहीत. ते टाकीतच राहतात. बाजारात मिळणारे धुके सोडणारे शोभेचे ह्युमिडिफायर पाण्याचे बारीक थेंबच हवेत फेकतात. त्यांची भीती सीपॅपला जशीच्या तशी लावू नका. सीपॅपमुळे न्यूमोनिया होतो का, यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत.

म्हणून काळजी नको असे मात्र नाही. टाकी भरलेली असताना मशीन कलंडले तर पाणी नळीत जाते. नळीच्या खोलगट भागात पाणी साचून राहिले तर दुसऱ्या रात्री हवा त्या पाण्यातून गुळगुळ करत येते, आणि तेव्हा थेंब नाकापर्यंत पोचतात. गुलाबी थर हा बहुतेक वेळा ओलसर जागी वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो, न्हाणीघरातल्या फरशीच्या फटीत दिसतो तसाच. निरोगी माणसाला त्याने लगेच काही होते असे नाही. पण दमा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या असे काही असेल तर असा थर एक दिवसही ठेवू नये.

रोजचे काम पाच मिनिटांचे आहे. सकाळी उठल्यावर टाकीतले उरलेले पाणी ओतून द्या. पाणी उरले म्हणून संध्याकाळी त्यातच भर घालायची सवय हे त्या थराचे मूळ आहे. टाकी कोमट पाण्याने विसळा, आतून स्वच्छ सुती फडक्याने पुसा आणि झाकण उघडे ठेवून पालथी घाला. मास्कची चेहऱ्याला टेकणारी उशी ओल्या फडक्याने पुसा. नळी मशीनपासून सोडवून दोन्ही तोंडे खाली येतील अशी टॉवेलच्या दांडीवर टांगा.

आठवड्यातून एकदा टाकी, नळी आणि मास्कचे सुटे भाग कोमट पाण्यात सौम्य, बिनवासाचा द्रव साबण थेंब-दोन थेंब टाकून धुवा. लहान बाळांचा साबण चालतो. मास्कला हवा बाहेर सोडणारी बारीक छिद्रे असतात, ती मऊ ब्रशने मोकळी करा. आपण सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो. नळीत साबणाचे पाणी भरून दोन्ही तोंडे धरा, हेलकावे द्या, रिकामी करा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धरा. तापणारी नळी असेल तर तिचे विजेचे टोक भिजवायचे की नाही ते पुस्तिकेत पाहा. उकळते पाणी कशालाच नको, प्लास्टिक वाकडे होते आणि मग सांध्यातून हवा निसटते.

आता कोकणातला खरा प्रश्न, वाळवण्याचा. नळी धुवायची ती सकाळीच, म्हणजे हातात पूर्ण दिवस असतो. एक टोक घट्ट धरून नळी अंगणात किंवा गॅलरीत जोरात फिरवा, निम्मे पाणी उडून जाते. मग टाकी पुसून कोरडी करा, रिकामीच मशीनमध्ये बसवा, आर्द्रता शून्यावर आणा, नळी जोडा आणि मास्क न लावता मशीन १५ ते २० मिनिटे चालू ठेवा. मशीनची हवाच नळी सुकवते. मास्क निघाला की आपोआप बंद पडण्याची सोय चालू असेल तर मशीन मध्येच थांबेल. ती सोय तेवढ्यापुरती बंद करा. केस सुकवायचे गरम यंत्र नळीत लावू नका. उन्हात टाकणेही नको, ऊन प्लास्टिकला ठिसूळ करते.

नळीत काळे ठिपके दिसले आणि धुऊन गेले नाहीत, किंवा धुतल्यावर दोन दिवसांत कुबट वास परत आला, तर ती नळी फेकून द्या. नळी हा या सगळ्या संचातला स्वस्त भाग आहे, तिच्यावर प्रयोग करत बसण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात दोन नळ्या आलटून-पालटून वापरणे सगळ्यांत सोपे.

प्रश्न : डिस्टिल्ड वॉटर घाला असे सांगतात, पण औषधाच्या दुकानात कधी मिळते, कधी नाही. घरी आरओ आहे. इन्व्हर्टरसाठी आणलेला बॅटरी-वॉटरचा कॅनही आहे. बोअरचे पाणी उकळून गाळून चालेल का? — पुणे

उत्तर : बोअरचे पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट थोडे पाणी उडून गेल्यामुळे क्षार किंचित वाढतात. रात्रभर टाकीतून वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. पंधरा दिवसांत तळाला पांढरी खरखरीत पुटे धरतात. त्या खरखरीत जागेला जंतूंचा थर पकडून बसतो आणि साबणाने निघत नाही. तळाच्या धातूच्या पत्र्यालाही क्षार खातात. डिस्टिल्ड वॉटर सांगतात ते यासाठी.

आरओच्या पाण्यात थोडे क्षार उरतात, आणि हल्लीच्या अनेक यंत्रांत चव यावी म्हणून ते मुद्दाम परत मिसळलेले असतात. डिस्टिल्ड मिळाले नाही त्या दिवशी आरओचे पाणी उकळून, गार करून वापरा. कायमचे वापरणार असाल तर टाकीची पांढरी पुटे दर आठवड्याला काढायची तयारी ठेवा.

बॅटरी-वॉटर नको. त्यात क्षार कमी असतात हे खरे, पण ते माणसाच्या श्वासासाठी भरलेले नसते. कॅन किती स्वच्छ, किती महिने उघडा पडलेला, त्यात कुणी ॲसिडचे नरसाळे बुडवले का, याची जबाबदारी कुणी घेत नाही. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेतलात तरी उघडल्याची तारीख त्यावर लिहा, झाकण घट्ट ठेवा आणि टाकी भरायला थेट कॅनमधूनच ओता. मधल्या पेल्यातून पाण्यात जे जायचे ते जाते.

पांढरी पुटे काढायला स्वयंपाकाचे पांढरे व्हिनेगर एक भाग आणि पाणी नऊ भाग घ्या. ३०० मिली हवे तर ३० मिली व्हिनेगर आणि २७० मिली पाणी. दहा मिनिटे टाकीत ठेवून, वास जाईपर्यंत विसळा. जुनी पुटे असतील तर दोनदा करा, पण चमच्याने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. प्रत्येक ओरखडा म्हणजे पुढच्या थराला नवी जागा.

टाकीत निलगिरीचे तेल, कापूर, बाम, अत्तर, ओव्याचा अर्क यांतले काहीही घालायचे नाही. वाफारा घ्यायचा तर दिवसा, वेगळ्या भांड्यातून.

प्रश्न : मी मास्क रोज डेटॉलच्या पाण्याने धुतो आणि वरून सॅनिटायझर मारतो. तरी नाकाच्या आत जळजळ होते. ओझोनने मशीन निर्जंतुक करणारी पेटी घ्यावी का? — नाशिक

उत्तर : तुमची जळजळ बहुधा त्या डेटॉलचीच आहे. जंतुनाशक द्रव सिलिकॉनच्या उशीत आणि नळीच्या भिंतीत मुरतात आणि रात्रभर दाबाखालच्या हवेतून थोडे थोडे सुटत राहतात. सॅनिटायझरमधले अल्कोहोल सिलिकॉनला कडक करते, बारीक चिरा पाडते, आणि चिरा पडल्या की मास्क गळतो. ब्लीच, सॅव्हलॉन, वासाचे फिनेल हे सगळे याच यादीतले. आठवडाभर फक्त साबण आणि पाणी वापरून पाहा. जळजळ थांबली तर कारण सापडले. जुनी उशी मात्र बदला, तिच्यात मुरलेले सहज निघत नाही.

पेटीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये सीपॅपसाठी विकल्या जाणाऱ्या ओझोन आणि अतिनील किरणांच्या साधनांबद्दल लोकांना सावध केले होते. ओझोन जंतू मारेल इतका वापरला तर तो माणसाच्या श्वासनलिकेला सुरक्षित असलेल्या पातळीच्या कितीतरी वर जातो. तो नळीत उरला किंवा पेटीतून गळला की खोकला, डोकेदुखी, दम्याचा झटका. अतिनील किरणांची अडचण वेगळी. ते सरळ रेषेत जातात, आणि सीपॅपची नळी आतून वळ्यावळ्यांची. वळीच्या सावलीत जे बसले आहे त्याला किरण लागतच नाहीत.

जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने लाखो श्वासयंत्रे बाजारातून परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेच्या मार्गात येऊ शकतात, हे कारण होते. ओझोनने सफाई केल्यास ही झीज वाढू शकते, असेही तेव्हा सांगण्यात आले. तुमचे मशीन त्या काळातले किंवा जुने असेल तर तळाचा सिरियल नंबर घेऊन ते परत मागवलेल्यांपैकी आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या. नळीत किंवा मास्कमध्ये काळे कण दिसले तर मशीन थांबवून डॉक्टरांशी बोला.

मशीनची बाहेरची बाजू ओलसर फडक्याने पुसली की झाले. आत काहीही फवारायचे नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात सीपॅप लावले की नाक कोरडे ठक्क पडते, पहाटे रक्ताचा डाग दिसतो, घसा सुकतो. आई म्हणते रात्री नाकात साजूक तूप सोड. अणुतेलाचेही कुणी सुचवले. खोलीत कूलर आहे. — नागपूर

उत्तर : तूप आणि तेल रात्री नको. नस्याबद्दल, म्हणजे नाकात तेल-तूप सोडण्याबद्दल, वैद्यांचे जे काही म्हणणे असेल ते दिवसाचे. तेलकट पदार्थ नाकात सोडून लगेच दाबाची हवा सुरू केली तर तो मागे घशात आणि थोडा थोडा फुफ्फुसात उतरू शकतो. फुफ्फुसाला तेल पचवता येत नाही, तिथे ते साचून सूज येते; महिनोन् महिने रोज तेलकट थेंब घालणाऱ्यांमध्ये असा न्यूमोनिया झाल्याचे वैद्यकात नोंदलेले आहे. पेट्रोलियम जेलीचेही तेच, शिवाय ती उशी खराब करते. आईला सांगा, तूप पोळीवर चालेल.

आता नाक का सुकते ते पाहू. दाब १० (सेंटिमीटर पाण्याइतका) असेल तर मास्कच्या छिद्रांतून मिनिटाला साधारण ३० ते ४० लिटर हवा बाहेर जाते. रात्रभरात नाकासमोरून पंधरा हजार लिटरच्या आसपास हवा वाहते. पण नाक खरे सुकते ते तोंड उघडे राहिल्याने. नाकाने घेतलेली हवा नाकानेच सोडली की जाताना ओलावा परत मिळतो. तोंड उघडे पडले की हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर अशी एकाच दिशेने वाहू लागते. नाकाचे अस्तर सुकते, सुजते, नाक चोंदते, चोंदले म्हणून तोंड आणखी उघडते. सकाळी घसा सुकणे ही याची ठळक खूण, आणि ती तुमच्या पत्रात आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आर्द्रता एकदम शेवटच्या आकड्यावर नेऊ नका, रोज एक पायरी वाढवा आणि नळीत थेंब जमू लागले की एक पायरी मागे या. तापणारी नळी असेल तर २७ अंशांपासून सुरुवात करा. झोपताना आणि पहाटे जाग आली तर दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे दोन-दोन फवारे मारा. मशीनच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर गळतीचा आकडा दिसतो, तो आठवडाभर लिहून ठेवा. गळती जास्त असून मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला असेल तर हवा तोंडातून जाते आहे. तेव्हा नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क वापरून पाहावा लागेल. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे व्हिडिओ फिरतात. नाक चोंदलेल्या माणसाने ते अजिबात करू नये.

कूलरबद्दल एक सूचना. मशीनची हवा आत घेणारी जाळी कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. कूलरच्या गवतात आणि टाकीत साचलेल्या पाण्यात शेवाळ आणि जंतू वाढतात, आणि कूलर त्या पाण्याचे थेंब हवेत उडवतो. कूलरचे पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला. एसी असेल तर उलटी अडचण : हवा कोरडी होते, आणि खोली फार गार केली तर नळीतली ओली हवा थंड होऊन पाणी सुटते. एसी २४-२५ वर ठेवा, नळीला कापडी खोळ घाला किंवा ती पांघरुणाखालून घ्या, आणि मशीन गादीपेक्षा खाली ठेवा म्हणजे सुटलेले पाणी चेहऱ्याकडे न येता टाकीकडे जाईल.

महिनाभर हे करूनही रक्त येत असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. नाकाचा पडदा वाकडा किंवा पडद्यावर जखम असेल तर ती आर्द्रतेने बरी होत नाही.

प्रश्न : नाकाच्या दांडीवर जखम झाली आहे. गालावर मास्कच्या आकाराचे लाल वळ आणि खाज. दुकानदाराने दिलेली एक क्रीम लावतो, तेवढ्यापुरते बरे वाटते. मास्क सैल केला की शिटी वाजते. — मुंबई

उत्तर : मास्क घट्ट आवळल्याने गळती थांबते हा गैरसमज घरोघरी आहे. आजच्या मास्कची उशी दुहेरी असते. आतल्या हवेने तिचा पातळ पडदा फुगतो आणि तोच चेहऱ्याला चिकटतो. पट्टे आवळले की पडदा चेपतो, फुगायला जागा उरत नाही, हवा निसटते. मग माणूस आणखी आवळतो. शेवटी नाकाच्या दांडीवर, जिथे कातडीखाली लगेच हाड आहे, जखम होते.

मास्क बसवायचा तो आरशासमोर उभे राहून नव्हे. पलंगावर, नेहमी झोपता त्याच उशीवर आडवे व्हा आणि मशीन चालू करा. पट्टे सगळे सैल ठेवून मास्क चेहऱ्यापासून अर्धा इंच उचला आणि हवेने उशी फुगली की अलगद टेकवा. मग आधी खालचे पट्टे, नंतर वरचे, दोन्ही बाजू सारख्या, गळती थांबेल तेवढेच ओढा. पट्ट्याखाली बोट सहज सरकले पाहिजे. कुशीवर वळून पुन्हा तपासा. थोडी फुसफुस राहिली तरी मशीन ती भरून काढते. डोळ्यांत हवा जाणार नाही इतके पाहा.

जखम बरी होईपर्यंत नाकाच्या दांडीवर न टेकणारा मास्क, म्हणजे नाकपुड्यांखाली बसणारा, घ्यावा. विक्रेत्याकडे वेगवेगळ्या मापांचे मास्क बसवून पाहता येतात; निदान मापाची कागदी पट्टी मागा. कातडी फाटलेली असेल, पू असेल किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपाय न करता दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

आता खाज. वळ नेमके उशीच्या कडेच्या आकाराचे असतील तर बहुधा साबणाचा अंश, घाम किंवा चेहऱ्याचे तेल कारण आहे. सिलिकॉनची खरी ॲलर्जी विरळा. रात्री चेहरा धुऊन, पुसून, मगच मास्क लावा. क्रीम लावायचे असेल तर पाण्यात विरघळणारे, झोपण्याआधी अर्धा तास. डोक्याला खोबरेल तेल लावून मास्क चढवण्याची सवय सोडा, तेल पट्ट्यांत आणि उशीत मुरते. दाढी-मिशा असतील तर उशी टेकते तेवढा भाग साफ ठेवा किंवा नाकपुड्यांचा मास्क वापरा. मास्कच्या उशीवर घालायचे सुती अस्तर मिळते, काहींना त्याने आराम पडतो. ते रोज धुवावे लागते.

पट्ट्यांखाली, मानेवर किंवा कानामागे गोल, कडेला उंच, मध्ये फिकट असा चट्टा असेल तर तो नायटा असण्याची शक्यता जास्त. मुंबईच्या घामट हवेत, न धुतलेल्या पट्ट्यांखाली तो फोफावतो. आणि इथे तुमच्या दुकानातल्या क्रीमची शंका येते. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या क्रीम आपल्याकडे सर्रास विकल्या जातात. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरतो आणि पुढे कुठल्याच औषधाला दाद देईनासा होतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पट्टे दर आठवड्याला कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पट्ट्यांचे दोन जोड असले तर बरे. इस्त्री नको.

उशी पिवळी, चिकट किंवा लुळी पडली की बदला. कंपन्या दर महिन्या-तीन महिन्यांनी बदला म्हणतात. त्यात विक्रीचाही भाग आहे. नीट धुतली जाणारी उशी बहुतेकांना सहा महिने तरी टिकते.

प्रश्न : सकाळी डोळे लाल आणि चिकट असतात. सीपॅपमुळे डोळे येतात का? — कोल्हापूर

उत्तर : दोन कारणे असतात. मास्कच्या वरच्या कडेतून निसटलेली हवा पापण्यांच्या फटीत जाऊन डोळे सुकवते, हे नेहमीचे. काहींच्या बाबतीत हवा नाकातून अश्रूंच्या नळीवाटे उलटी वर येते. मास्क कुठेच गळत नसताना डोळ्याच्या कोपऱ्यात बुडबुडे जाणवले तर ते हेच. पहिल्यावर उपाय मास्कचा, वर लिहिला तो. दुसऱ्यासाठी नेत्रतज्ज्ञाला दाखवा आणि दाब कमी करता येतो का हे झोपेच्या डॉक्टरांना विचारा. तोवर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरा. डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसते, तर त्याच दिवशी तपासणी.

प्रश्न : सर्दी-ताप असताना मशीन लावावे की नाही? बरे झाल्यावर त्याच मास्कमधून पुन्हा सर्दी होईल का? जलनेती केली तर चालेल? — मडगाव

उत्तर : नाकाने श्वास येत असेल तर लावा. पूर्ण चोंदले असेल आणि गुदमरल्यासारखे होत असेल तर बहुतेकांना एक-दोन रात्री बिनमशीनचे चालते; डोक्याकडची बाजू उंच करून, कुशीवर झोपा. त्या रात्री दारू आणि गुंगी आणणारी खोकल्याची औषधे नकोत, घसा आणखी सैल पडतो. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा आजार असलेल्यांनी, आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारे मशीन) वापरणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक रात्रही थांबवू नये.

नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे थेंबांनीच नाक चोंदू लागते आणि थेंब सुटत नाहीत. नाक कायमच चोंदत असेल तर स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे लागेल. तो डॉक्टरांकडून घ्या.

ज्या विषाणूने सर्दी झाली त्याच्याविरुद्ध शरीर तयार झालेले असते, त्यामुळे आपल्याच मास्कमधून तीच सर्दी लगेच परत होण्याची भीती फारशी नाही. पण शेंबूड आणि कफ लागलेल्या ओल्या मास्कवर जिवाणू वाढतात. म्हणून आजारपणात मास्क आणि नळी रोज साबणाने धुवा आणि बरे झाल्यावर फिल्टर बदला. मास्कच्या छिद्रांतून तुमचा श्वास जोराने खोलीत जातो. ताप असेल तितके दिवस घरातल्या लहान मुलांनी आणि वृद्धांनी वेगळ्या खोलीत झोपावे, खिडकी उघडी ठेवावी.

जलनेती चालेल, पण नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्याने कधीही नाही. पाणी खळखळ एक मिनिट उकळून कोमट करा, किंवा डिस्टिल्ड घ्या. कच्च्या गोड्या पाण्यात असणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले होते. हा आजार दुर्मीळ आहे, पण बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. मिठाचे प्रमाण २५० मिलीला सव्वादोन ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा अर्ध्याहून थोडा कमी. नेती झोपण्याच्या तासभर आधी करा आणि पुढे वाकून उरलेले पाणी काढून टाका. पात्र रोज धुऊन वाळवा.

१००.४ अंशांवर ताप, दम लागणे, हिरवट-पिवळा कफ, एका बाजूच्या गालात ठणका, किंवा सर्दी दहा दिवसांवर रेंगाळली, तर घरी थांबू नका.

प्रश्न : फिल्टर किती दिवसांनी बदलावा? दिवाळीनंतर तो काळा पडला होता. — सोलापूर

उत्तर : पांढरा कागदी फिल्टर महिन्यातून दोनदा काढून उजेडात पाहा. राखाडी झाला की बदला. एका प्रकारच्या मशीनचा फिल्टर सहा महिने चालतो असे पुस्तिका म्हणते, दुसऱ्या प्रकारात महिन्याने बदला असे असते. आपल्या धुळीत सहा महिने क्वचितच जातात. हा फिल्टर धुवायचा नाही, झटकून उलटा बसवायचाही नाही. काही मशीनमध्ये त्याच्या जोडीला रंगीत स्पंज असतो. तो मात्र दर पंधरा दिवसांनी धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवायचा. ओला फिल्टर मशीनमध्ये घालू नका. रुमालाचा तुकडा कापून फिल्टर करू नका, हवा अडते आणि दाब बिघडतो.

फिल्टर धूळ अडवतो. धूर आणि वास फारसा अडवत नाही. उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती झोपण्याच्या खोलीत नको. विजेवर चालणारे मच्छरांचे औषध मशीनच्या शेजारच्या प्लगला लावलेले अनेक घरांत असते, ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या किंवा सरळ मच्छरदाणी लावा. मशीन जमिनीवर नको, एखाद्या फुटाच्या स्टुलावर, पडद्यापासून आणि भिंतीपासून थोडे दूर ठेवा. दिवसा त्यावर सुती फडके टाका. ऊबदार, अंधाऱ्या नळीत झुरळ शिरायला वेळ लागत नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्या सासऱ्यांचे वापरलेले मशीन पाठवतो म्हणतो. घ्यावे का? — ठाणे

उत्तर : मशीन घेता येईल, बाकीचे नाही. मास्क, पट्टे, नळी, पाण्याची टाकी आणि फिल्टर हे पाचही नवे घ्या. दुसऱ्याच्या मास्कची उशी कितीही धुतली तरी वापरू नये. परत मागवलेल्या यंत्रांपैकी ते आहे का, हे सिरियल नंबरवरून मुलाने तिथेच तपासावे. मूळ वापरणारा सिगारेट ओढत असेल, घरात पाळीव जनावर असेल, किंवा ओझोनची पेटी वापरलेली असेल तर नको म्हणा, तो वास आणि केस मोटरच्या आत बसतात.

ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर इथल्या विजेवर चालते, फक्त पिनचे टोक बदलावे लागते. विमानात मशीन हातातल्या सामानात आणावे आणि टाकी पूर्ण रिकामी करून. टाकीत पाणी ठेवून हलवलेली मशीन मोटर भिजून बिघडते. मशीन आल्यावर आधीच्या माणसाचा दाब तसाच ठेवून झोपू नका. तुमची झोपेची तपासणी आणि डॉक्टरांनी लिहिलेला दाब घेऊन विक्रेत्याकडे जा, जुनी नोंद पुसून घ्या आणि दाब नव्याने लावून घ्या. नव्या मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या कड्या असतील आणि घरात कुणाला पेसमेकर असेल, तर त्या कड्या पेसमेकरपासून सहा इंच तरी लांब राहिल्या पाहिजेत. कड्या नसलेला मास्क मिळतो, तोच मागा.